विमानाच्या भागांवर प्रायमर आणि रंग चढवताना : नव्याने शिकणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

विमानाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या भागावर प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) आणि टॉपकोट (त्यावरचा रंगाचा थर) मिळून जो थर चढतो, त्याची जाडी साधारण ६० ते ८० मायक्रॉन भरते, म्हणजे जवळपास माणसाच्या एका केसाएवढी. एवढ्या पातळ थराला उंचावरची उणे ५५ अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडी, धावपट्टीवर उभे असतानाचे कडक ऊन, अतिनील किरण, पावसाचा मारा, खारी हवा आणि हायड्रॉलिक तेल हे सगळे वर्षानुवर्षे सोसावे लागते. या कामात नव्याने आलेल्यांचे लक्ष बहुधा स्प्रे गनकडे असते. माझ्या अनुभवात मात्र जे रंगकाम वाया गेले, त्यातले बहुतेक गन हातात घेण्यापूर्वीच बिघडलेले होते, आणि म्हणूनच या लेखात पृष्ठभागाच्या तयारीला फवारणीपेक्षा अधिक जागा दिली आहे.

अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही असे आपण लहानपणापासून ऐकत आलेलो असतो. शुद्ध अ‍ॅल्युमिनियमच्या बाबतीत ते बरेचसे खरेही आहे, कारण हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा घट्ट थर तयार होतो. विमानात मात्र मिश्रधातू वापरतात. २०२४ या मिश्रधातूत सुमारे ४.४ टक्के तांबे असते, तर ७०७५ मध्ये सुमारे ५.६ टक्के जस्त आणि दीड टक्क्याच्या आसपास तांबे असते. ताकद याच मूलद्रव्यांमुळे येते आणि गंजही त्यांच्यामुळेच लागतो, कारण तांब्याचे प्रमाण जास्त असलेले सूक्ष्म कण आणि त्यांच्या भोवतालचे अ‍ॅल्युमिनियम यांच्यात ओलावा मिळताच छोटी विद्युतघटे सुरू होतात आणि धातूला खड्डे पडू लागतात. हा खड्डा पुढे भेग सुरू होण्याची जागा ठरू शकतो. त्यामुळे विमानाच्या भागावरचा रंग हा शोभेच्या आधी रचनेच्या संरक्षणाचा विषय आहे.

आधी कागद वाचावेत

भाग हातात घेण्यापूर्वी ड्रॉइंगवरची फिनिशची टीप आणि प्रोसेस शीट पूर्ण वाचावी. तिथे केवळ ‘इपॉक्सी प्रायमर’ असे लिहिलेले नसते. मानकाचा क्रमांक आणि त्यातला वर्गही दिलेला असतो. उदाहरणार्थ, अमेरिकी लष्करी मानकांतला मिल-पीआरएफ-२३३७७ हा द्रावकावर आधारित इपॉक्सी प्रायमर आहे आणि मिल-पीआरएफ-८५५८२ हा पाण्यात विरळ होणारा. दोन्हींमध्ये ‘सी’ वर्ग म्हणजे क्रोमेट असलेला आणि ‘एन’ वर्ग म्हणजे क्रोमेट नसलेला. क्रमांक बरोबर पण वर्ग चुकीचा असा डबा कपाटातून निघणे ही नेहमीची चूक आहे, आणि रंग वाळल्यावर ती डोळ्यांना दिसतही नाही.

यानंतर उत्पादकाचे तांत्रिक माहितीपत्रक वाचावे. एका उत्पादकाचा बेस (मिश्रणाचा मुख्य भाग) आणि दुसऱ्याचा हार्डनर (तो घट्ट करणारा भाग) कधीही एकत्र करू नये, दोन्ही एकाच मानकात बसत असले तरीही. डब्यावरचा बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख काम सुरू होण्यापूर्वीच नोंदवून ठेवावी.

ड्रॉइंगमधून आणखी एक गोष्ट काढून घ्यायची असते, ती म्हणजे रंग कुठे चढता कामा नये. बेअरिंगची छिद्रे, आटे आणि विजेची जोडणी जिथे धातूला धातू टेकून व्हायची आहे त्या जागा ओळखून त्यांची यादी करावी. मी ही यादी पेन्सिलने ड्रॉइंगच्या प्रतीवरच खुणा करून ठेवतो, म्हणजे मास्किंगच्या (त्या जागा टेपने झाकण्याच्या) वेळी आठवणीवर विसंबावे लागत नाही.

स्वतःचे संरक्षण

या कामातली दोन द्रव्ये विशेष धोक्याची आहेत आणि दोन्हींचा धोका वेगवेगळ्या प्रकारचा आहे. क्रोमेट प्रायमरमध्ये स्ट्रॉन्शियम क्रोमेटसारखी षट्संयोजी क्रोमियमची संयुगे असतात. ती श्वासावाटे गेल्यास कर्करोग होऊ शकतो. अमेरिकेच्या नियमानुसार कामाच्या जागी हवेतील षट्संयोजी क्रोमियमची आठ तासांची सरासरी मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे, आणि युरोपीय संघात स्ट्रॉन्शियम क्रोमेटचा वापर २२ जानेवारी २०१९ नंतर खास परवानगीशिवाय करता येत नाही. पॉलियुरेथेन टॉपकोटच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याने दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झाले की पुढे अगदी अल्प प्रमाणातही त्रास उद्भवतो. आयसोसायनेटला वास जाणवण्याची वाट पाहू नये. वास येईपर्यंत सुरक्षित मर्यादा बहुधा ओलांडलेली असते. फवारणी करताना बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क, पूर्ण अंगरखा, नायट्राइलचे हातमोजे आणि चालू स्थितीतला बूथ (फवारणीची हवा ओढून घेणारी बंदिस्त जागा) हे सर्व हवेच.

जुना क्रोमेट प्रायमर कोरडा घासू नये आणि धूळ दाबाच्या हवेने उडवू नये. ओले घासावे किंवा धूळ ओढणाऱ्या यंत्राला जोडलेले सँडर वापरावे. द्रावकाने भिजलेली फडकी झाकणाच्या धातूच्या डब्यातच टाकावीत. फवारणीपूर्वी भाग आणि स्टँड या दोन्हींना अर्थिंग केलेले असावे, कारण साचलेल्या स्थिर विजेची एक ठिणगी बूथमधल्या वाफेला पुरते.

स्वच्छता

या पायरीवर घाई करू नये. प्रथम द्रावकाने पुसून तेल आणि ग्रीस काढावे. पुसण्याची पद्धत साधी आहे, तरी ती शिकून घ्यावी लागते: एका हातात द्रावकाने ओले केलेले स्वच्छ पांढरे फडके आणि दुसऱ्या हातात कोरडे. ओल्या फडक्यामागोमाग, द्रावक वाळण्याच्या आत, कोरडे फडके फिरले पाहिजे. द्रावक जागेवरच वाळू दिले तर विरघळलेले तेल पातळ पसरून पुन्हा पृष्ठभागावरच बसते. फडके द्रावकाच्या डब्यात बुचकळू नये. द्रावक फडक्यावर ओतावे, नाहीतर पहिल्या दहा भागांची घाण अकराव्या भागावर लागते. कोरडे फडके स्वच्छ निघेपर्यंत हे चालू ठेवावे.

यानंतर अल्कली क्लीनरने धुणे आणि आवश्यक तिथे घासणे येते. घासण्यासाठी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा कागद किंवा नायलॉनचे अपघर्षक पॅड वापरावे. स्टील वुल किंवा लोखंडी ब्रश अ‍ॅल्युमिनियमवर कधीही वापरू नये, कारण लोखंडाचे बारीक तुकडे धातूत रुततात आणि प्रत्येक तुकड्याभोवती गंजाचे केंद्र तयार होते. पत्रा अल्क्लॅड असेल तर हात आणखी हलका ठेवावा. त्यावरचे शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचे आवरण प्रत्येक बाजूला जाडीच्या काही टक्केच असते आणि जोराने घासल्यास ते निघून जाते.

स्वच्छता पुरेशी झाली की नाही हे ठरवण्यासाठी पाण्याची चाचणी आहे. भागावरून स्वच्छ पाणी सोडायचे आणि तो किंचित तिरपा धरून सुमारे ३० सेकंद पाहत राहायचे. पृष्ठभाग खरोखर स्वच्छ असेल तर पाण्याचा अखंड पडदा राहतो. कुठे तेलाचा लवलेश असेल तर तिथे पडदा फाटतो, पाणी मागे सरते आणि थेंब जमतात. उमेदवारीच्या काळात मी एकदा वीसेक ब्रॅकेट धुऊन मांडले होते. त्यातल्या एकावर पाण्याचा पडदा नेमका लंबगोल आकारात फाटला, आणि जवळून पाहिल्यावर तो माझ्याच अंगठ्याचा आकार असल्याचे लक्षात आले. हातमोजा न घालता मी तो एकदाच उचलला होता. ते ब्रॅकेट पुन्हा पहिल्यापासून धुवावे लागले. अंगठ्याच्या त्या ठशावर प्रायमर चढला असता तर वरून काहीही दिसले नसते. तेव्हापासून या चाचणीची मिनिटे मी कधीही वाचवलेली नाहीत.

कन्व्हर्जन कोटिंग किंवा अ‍ॅनोडायझिंग

स्वच्छ धातूवर थेट प्रायमर चढवत नाहीत. मध्ये रासायनिक थर लागतो. तो गंजाला अडवतो आणि प्रायमरला पकडही देतो. कारखान्यात ज्याला सर्रास ‘अ‍ॅलोडाइन’ म्हणतात ते क्रोमेट कन्व्हर्जन कोटिंग बुडवून, फवारून किंवा ब्रशने लावता येते. योग्य थर फिकट सोनेरी ते सोनेरी तपकिरी दिसतो. रंग फार गडद झाला तर थर भुकटीसारखा सैल बनतो आणि त्यावरचा प्रायमर त्याच्यासकट निघतो. ताजा थर ओला असताना जेलीसारखा मऊ असतो, म्हणून त्याला फडके लावू नये; हलक्या पाण्याने धुऊन हवेवर वाळू द्यावे. वाळवण्यासाठी ६० अंश सेल्सिअसच्या वर तापवल्यास क्रोमेट थरातले पाणी निघून जाते आणि त्याची संरक्षणशक्ती घटते. षट्संयोजी क्रोमियम नसलेल्या नव्या प्रकारांत रंग अगदी फिका किंवा जवळजवळ अदृश्य असतो, त्यामुळे तिथे केवळ डोळ्यांवर विसंबता येत नाही. द्रावणाची तीव्रता, पीएच आणि वेळ यांच्या नोंदींवरच भिस्त ठेवावी लागते.

अ‍ॅनोडायझिंगमध्ये विजेच्या साहाय्याने धातूचाच ऑक्साइड वाढवतात. क्रोमिक आम्लातला थर पातळ असतो, गंधकाम्लातला त्याहून जाड, आणि हार्ड अ‍ॅनोडायझिंगचा थर ५० मायक्रॉनच्या आसपास जातो. निवड करणारे तुम्ही नसता, ती ड्रॉइंगवर केलेलीच असते. पण तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. जाड अ‍ॅनोडायझिंगमुळे धातूचे थकव्याविरुद्धचे आयुष्य कमी होते. थराची साधारण निम्मी जाडी मूळ मापाच्या बाहेर वाढते, त्यामुळे नेमक्या मापाची छिद्रे अरुंद होतात. आणि हा थर वीज वाहू देत नाही, म्हणून जिथे विद्युतजोडणी हवी तिथे कमी रोधाचे कन्व्हर्जन कोटिंगच दिलेले असते.

या पायरीनंतर प्रायमर किती वेळात चढला पाहिजे याची मुदत प्रोसेस शीटमध्ये असते. ती ओलांडली तर भाग पुसून पुढे ढकलू नये; शीटमध्ये सांगितल्याप्रमाणे मागच्या पायरीवर परत न्यावा.

मास्किंग

मास्किंगचे काम कंटाळवाणे असते आणि म्हणूनच ते बहुधा सर्वांत नवख्या माणसाकडे येते. २ ऑक्टोबर १९९६ रोजी एरोपेरूचे ६०३ क्रमांकाचे बोइंग ७५७ विमान लिमाजवळ समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व ७० जण मृत्युमुखी पडले. विमान धुताना आणि चकाकी देताना स्टॅटिक पोर्टवर, म्हणजे उंची व वेग मोजण्यासाठी बाहेरच्या हवेचा दाब घेणाऱ्या छिद्रांवर, लावलेली टेप काढायची राहून गेली होती, आणि वैमानिकांना उंची व वेग यांची चुकीची माहिती मिळत राहिली. तेव्हा टेप उठून दिसणाऱ्या रंगाची वापरावी, लावलेल्या प्रत्येक तुकड्याची यादी ठेवावी आणि काम संपल्यावर ती यादी दुसऱ्या माणसाने तपासावी. टेप फार दिवस तशीच ठेवू नये, कारण तिचा गोंद मागे राहतो आणि तो काढताना कोपऱ्यावरचा रंग दुखावतो.

मिश्रण

प्रायमरच्या डब्यात जड रंगद्रव्य तळाशी बसलेले असते. ते शेकरवर पूर्ण एकजीव केले नाही तर वरचा पातळ भाग फवारला जातो आणि गंजरोधक क्रोमेट तळाशीच राहते. बेस आणि हार्डनर दिलेल्या प्रमाणातच मोजून घ्यावेत. ‘लवकर वाळावे म्हणून हार्डनर थोडा जास्त’ ही सवय इपॉक्सीत चालत नाही, कारण दोन्ही भाग एकमेकांशी ठरलेल्या प्रमाणात जोडले जातात आणि जास्तीचा भाग थरात अर्धवट पडून राहतो. काही प्रायमर ढवळल्यानंतर ठरावीक वेळ स्थिर ठेवावे लागतात, ती वेळ पाळावी. मग गाळून, चिकटपणा मोजण्याच्या कपात वेळ तपासून, मिश्रण केल्याची वेळ डब्यावर ठळक लिहावी. पाण्याच्या प्रायमरमध्ये हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण त्याची वापरण्याची मुदत संपली तरी तो दिसायला पातळच राहू शकतो.

प्रायमरची फवारणी

फवारणीपूर्वी हवेचे तापमान, आर्द्रता आणि भागाच्या पृष्ठभागाचे तापमान अशा तीन गोष्टी मोजाव्यात. पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी गरम हवा. हवा २५ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर दवबिंदू १७ अंशांच्या जरा खाली येतो, म्हणजे भाग सुमारे २० अंशांवर तरी असायला हवा. थंड गोदामातून आणलेला जाड भाग बूथच्या तापमानाला यायला बराच वेळ घेतो, आणि तोवर त्याच्यावर डोळ्यांना न दिसणारा ओलावा बसू शकतो.

गन पृष्ठभागापासून १५ ते २० सेंटीमीटरवर आणि नेहमी काटकोनात धरावी. मनगट वळवून कमान काढल्यास मध्ये जाड आणि कडांना पातळ थर बसतो. हात खांद्यापासून सरळ न्यावा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याच्या निम्म्या भागावर यावा. ट्रिगर भागाच्या कडेबाहेर दाबावा आणि कडेबाहेरच सोडावा. भागाच्या धारदार कडांवरून ओला थर पृष्ठताणामुळे मागे सरतो, त्यामुळे कडा आधी हलक्या हाताने घ्याव्यात आणि मग सपाट भाग.

या प्रायमरचा वाळलेला थर सामान्यतः १५ ते २३ मायक्रॉन असावा लागतो. जाड थर म्हणजे जास्त संरक्षण असे नव्या माणसाला वाटणे स्वाभाविक आहे, पण जाड प्रायमर ठिसूळ होतो, आत द्रावक अडकते आणि पंखासारख्या वाकणाऱ्या भागावर तो रिव्हेटच्या कडेने तडकतो. ओल्या थराची जाडी दाते असलेल्या गेजने लगेच पाहता येते. मिश्रणात घन भाग आकारमानाने ५० टक्के असेल तर ४० मायक्रॉन ओल्या थरातून २० मायक्रॉन वाळलेला थर मिळतो.

टॉपकोट

प्रायमरनंतर टॉपकोट देण्याची एक खिडकी असते: फार लवकर दिला तर प्रायमरमधले द्रावक अडकते, फार उशिरा दिला तर प्रायमर इतका घट्ट होतो की वरच्या थराला पकड मिळत नाही. मुदत उलटली असेल तर हलके घासून आणि पुसून पृष्ठभाग पुन्हा जागा करावा लागतो.

पॉलियुरेथेनचा वाळलेला थर साधारण ४३ ते ५८ मायक्रॉन असतो. प्रथम एक हलका, पातळ हात द्यावा आणि तो चिकट झाल्यावर पूर्ण ओला हात द्यावा. हवेत किंवा गनच्या हवेच्या नळीत पाणी असेल तर आयसोसायनेट त्याच्याशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड सोडते आणि थरात बुडबुडे उठतात, म्हणून पाणी वेगळे करणारा फिल्टर रोज सकाळी रिकामा करावा. चकाकी ६० अंशांच्या कोनातून मोजतात. चकचकीत रंगात ती ९० च्या वर अपेक्षित असते, तर लष्करी छद्मरंगात ५ किंवा त्याहून कमी.

दोष ओळखायला डोळा लवकर तयार होतो. ओघळ म्हणजे हात हळू फिरला किंवा गन जवळ आली. संत्र्याच्या सालीसारखा पोत म्हणजे मिश्रण घट्ट किंवा हवेचा दाब कमी. खरखरीत, कोरडा पृष्ठभाग म्हणजे गन दूर होती. फिशआय मात्र वेगळाच प्रकार आहे: ओल्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात आणि खळग्याच्या तळाशी प्रायमर उघडा दिसतो. कारण बहुधा सिलिकोन असते, आणि ते हाताला लावायच्या क्रीममधून किंवा शेजारच्या टेबलावर फवारलेल्या वंगणातून येऊ शकते. त्यावर आणखी रंग मारून उपयोग होत नाही. तो थर काढून पृष्ठभाग नव्याने स्वच्छ करावा लागतो.

तपासणी

अ‍ॅल्युमिनियमवर जाडी मोजण्यासाठी एडी करंटवर चालणारा गेज लागतो, कारण चुंबकीय गेज फक्त पोलादावर चालतो. गेज आधी त्याच मिश्रधातूच्या उघड्या तुकड्यावर शून्य करून घ्यावा. पकड तपासण्यासाठी काटकोनात रेघा कापून टेप ओढतात. एएसटीएम डी३३५९ या चाचणीच्या मानकानुसार काहीच सुटले नाही तर ५बी, ५ टक्क्यांपेक्षा कमी सुटले तर ४बी, आणि ६५ टक्क्यांहून जास्त सुटले तर ०बी. विमानाच्या कामात ओली टेप चाचणीही करतात: नमुना २४ तास पाण्यात ठेवून, पुसून लगेच टेप लावतात. कोरड्या चाचणीत तग धरलेला थर इथे सुटला तर दोष जवळजवळ नेहमी पृष्ठभागाच्या तयारीत सापडतो. या चाचण्या प्रत्यक्ष भागावर न करता त्याच मिश्रधातूच्या, त्याच बॅचबरोबर तयार केलेल्या पट्टीवर कराव्यात. मिठाच्या फवाऱ्याची चाचणीही, म्हणजे ३५ अंशांवर ५ टक्के मिठाचे द्रावण, अशाच पट्ट्यांवर होते.

अ‍ॅल्युमिनियम सोडून इतर भाग

वर सांगितलेली पद्धत जशीच्या तशी इतर सामग्रीला लावू नये. अतिबळकट पोलादाच्या भागावर आम्लाने सफाई किंवा विद्युतलेपन केल्यास हायड्रोजन आत शिरतो आणि भाग भार येताच अचानक तुटू शकतो. म्हणूनच कॅडमियम लेपनानंतर तो साधारण १९० अंशांवर अनेक तास भाजतात, आणि ही भाजणी लेपनानंतर काही तासांतच सुरू व्हावी लागते. टायटॅनियमच्या भागाला कॅडमियम लावलेली अवजारे किंवा क्लोरीनयुक्त द्रावके लागू देऊ नयेत. कंपोझिट भागावर साच्यातून आलेले रिलीज एजंट राहते, ते आधी पुसून काढावे आणि मगच घासावे, नाहीतर घासताना ते रेझिनमध्ये दाबले जाते. घासताना तंतू उघडे पडता कामा नयेत. धातूसाठीचा मिथिलीन क्लोराइडचा पेंट स्ट्रिपर कंपोझिटवर वापरला तर तो रंगाबरोबर रेझिनवरही हल्ला करतो. रडारवरचे आच्छादन, म्हणजे रेडोम, रंगवताना जाडीची मर्यादा काटेकोर पाळावी आणि धातूची भुकटी असलेला रंग टाळावा, कारण दोन्हींमुळे रडारचे संकेत अडतात.

एलेरॉन, एलेव्हेटर आणि रडर हे नियंत्रणाचे भाग रंगवल्यावर त्यांचा तोल पुन्हा तपासावाच लागतो. बिजागरीच्या मागे रंगाचे थोडेसे वजन वाढले तरी तोल बदलतो आणि वेगात असताना त्या भागाला घातक फडफड सुरू होऊ शकते. जुन्या रंगावर नवा थर चढवताना हे विशेषतः विसरले जाते, कारण भाग दिसायला तोच असतो आणि वजनातला फरक हाताला कळत नाही. अशा भागाच्या नोंदवहीत जुना रंग काढला होता की त्यावरच नवा दिला, चढलेल्या थराची जाडी किती भरली आणि तोल तपासल्यावर कोणता आकडा मिळाला, या तिन्ही गोष्टी त्याच दिवशी, सहीसह लिहून ठेवाव्यात.